आरसा काढल्याची तारीख

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आदरणीय नगराध्यक्षा बाई. ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत ते वेधशाळेचे संचालक साहेब. मुख्यालयातून एवढा घाट चढून आलेले सन्माननीय पाहुणे. नगरपालिकेतले माझे जुने वरिष्ठ, ज्यांच्या सहीचे मेमो मी अजून जपून ठेवले आहेत. आणि समोर बसलेल्या, पंख्याखाली जागा मिळालेल्या व न मिळालेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

संयोजकांनी मला सात मिनिटं दिली आहेत आणि विषयही लिहून दिला आहे. ‘वेधशाळेचा इतिहास, एका सामान्य नागरिकाच्या नजरेतून.’ सामान्य या शब्दाला माझी हरकत नाही. छत्तीस वर्षं मी या नगरपालिकेत वायरमन होतो. खांबावर चढलेल्या माणसाला खालून कुणी असामान्य म्हणत नाही. फार तर ‘पडशील’ म्हणतात.

मात्र एक गोष्ट आधीच सांगतो. आज मी गोड बोलणार नाही. निमंत्रण घेऊन आलेल्या क्लार्कलाही मी हे सांगितलं होतं. तो म्हणाला, चालेल काका, बाकी सगळे गोडच बोलणार आहेत. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

तर इतिहास. दुर्बीण म्हटलं की आपल्याला लांब नळी आठवते. पण वरच्या मोठ्या घुमटातली दुर्बीण तशी नाही. तिच्यात सगळं काम तळाशी बसवलेला एक आरसा करतो. आकाशातून येणारा उजेड तो गोळा करतो. तो काढला, तर वर उरते ती नुसती लोखंडी चौकट. एवढं आपण सगळ्यांनी ध्यानात घ्यावं.

चाळीस वर्षांपूर्वी हा आरसा आपल्याच रस्त्यानं वर गेला. मी दोन्ही हात पसरले तरी पुरणार नाहीत एवढा मोठा. लाकडी खोक्यात, भुशात बसवलेला. लॉरी माणसाच्या चालीनं चालत होती आणि पुढं गावातली माणसं खड्ड्यांत वाळूची पोती टाकत होती. बेकरीवाल्यानं दोन दिवस भट्टी बंद ठेवली आणि पिठाची पोतीसुद्धा रस्त्यावर आणली. घाट चढायला तीन दिवस लागले. लॉरीच्या शेजारून, एक हात खोक्याला लावून, सबंध वाट चालत गेले ते वेधशाळेचे पहिले संचालक. भर उन्हातही ते कानटोपी घालायचे, म्हणून गाव त्यांना कानटोपी साहेब म्हणायचं. त्यांना ते माहीत होतं. एकदा तर त्यांनी पत्राखाली तशी सही केली होती.

आरसा बसला आणि महिन्याभरानं ते याच सभागृहात आले. नगरपालिकेची सभा चालू होती. म्हणाले, तुमच्या दिव्यांचा उजेड वर आकाशात जातो आणि आमचे अंधूक तारे त्यात बुडतात. तेवढा उजेड जमिनीकडे वळवाल का? बेकरीवाला उठून म्हणाला, आम्हाला काय मिळणार? कानटोपी साहेबांनी थोडा विचार केला. म्हणाले, महिन्यातून एक संध्याकाळ. जो वर येईल त्याला मी स्वतः दाखवीन, शेवटचा माणूस संपेपर्यंत.

सभेनं ठराव केला आणि काम माझ्या गळ्यात पडलं. मी तेवीस वर्षांचा होतो. तेलाचे रिकामे डबे कापून मी दिव्यांना टोप्या केल्या. आतून पांढऱ्या, बाहेरून काळ्या. चारशे बारा दिवे. पत्रा कापून कापून बोटांची सालं निघाली. टोपी घातल्यावर उजेड खांबाच्या पायथ्याशीच पडायचा, दोन खांबांच्या मधे काळोख. दुकानांच्या पाट्या नऊला विझायच्या. मैदानावरचे सामने दिवसा उरकायचे. लग्नाच्या हॉलवर रोषणाई नाही. लोक कुरकुरले का? कुरकुरले. पण पाळलं सगळ्यांनी.

काम संपल्यावर कानटोपी साहेबांनी मला वर बोलावलं. टेबलावर दोन फोटो ठेवले. आकाशाचा एकच तुकडा, एक टोप्यांच्या आधीचा, एक नंतरचा. पहिल्यात धुक्यासारखं पांढुरकं होतं. दुसऱ्यात त्याच जागी बारीक ठिपके, मोजता येणार नाहीत इतके. ते म्हणाले, “हे आधीही इथंच होते. दिसत नव्हते. हे तुमच्या पत्र्याचं काम आहे, वायरमन.” मित्रहो, माझ्या कामाबद्दल इतकं चांगलं मला कुणी कधी बोललं नाही. त्यानंतर त्या माणसानं अंधारासाठी मला खांब उपटायला सांगितला असता तरी मी उपटला असता.

पण त्यांनी उलटंच सांगितलं. प्रसूतिगृहाच्या फाटकावरचा दिवा मी टोपीखाली झाकला होता. ते खाली आले, तिथं उभे राहिले, आणि ती टोपी काढायला लावली. मी म्हटलं, साहेब, हा दिवा थेट घुमटातून दिसतो. म्हणाले, “दिसू दे. अडलेल्या बाईला पायरी दिसली पाहिजे. मी दुर्बीण दुसरीकडे वळवीन.”

अठरा वर्षं त्यांनी महिन्याची संध्याकाळ पाळली. या सभागृहात चाळिशीच्या पुढचे जे कोणी आहेत, त्या प्रत्येकानं शनीची कडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. मग ते निवृत्त झाले, दोन वर्षांनी गेले, आणि आजचे सत्कारमूर्ती आले.

संचालक साहेब, मी तुमच्यावर अन्याय करणार नाही. पहिली दहा-अकरा वर्षं तुम्ही मन लावून काम केलंत. गावाला एक नियमही दिलात. नवा दिवा लावायचा तर आधी वेधशाळेचं परवानगीपत्र आणायचं. आम्ही तोही पाळला. मग महिन्याची संध्याकाळ बंद झाली. फाटकावर पाटी लागली, ‘देखभालीसाठी तात्पुरती बंद’. आम्ही वाट पाहिली. वर रोज सूर्य मावळला की घुमट उघडायचा, ते खालून दिसायचं. गाव म्हणायचं, काम चालू आहे.

आता मला माझ्या ताईबद्दल बोलायचं आहे.

माझी थोरली बहीण त्याच प्रसूतिगृहात नर्स होती. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना जगात आल्यावर पहिला फटका तिनं मारलेला आहे. हात वर करू नका, मला माहीत आहे कोण कोण ते. टॉर्च कायम जमिनीकडे धरून चालायची. गल्लीत कुणी टॉर्च वर केला तर दटावायची, “खाली धर रे, वर माणसं काम करतायत.” वेधशाळेतल्या एकाही माणसाला मी इतक्या कळकळीनं हा नियम सांगताना ऐकलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी ती वरच्या आळीतलं एक बाळंतपण उरकून पहाटे परतत होती. चक्कीच्या वळणावर पाण्याच्या पाइपसाठी चर खणला होता. त्या वळणावर दिवा नव्हता, कारण ते वळण घुमटासमोर येतं. टॉर्चचा सेल संपत आला होता. ती चरात पडली. खुबा मोडला. उजाडल्यावर पाव पोचवणाऱ्या गाडीवाल्याला ती दिसली. तोवर चाळीस मिनिटं ती चिखलात पडून होती. शुद्धीवर होती सबंध वेळ. नंतर मला म्हणाली, हाका मारल्या, मग दमले, म्हणून वर बघत पडले.

दोन ऑपरेशनं झाली. नोकरीची दोन वर्षं उरली होती, ती तिला करता आली नाहीत. आज ती वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते.

मी तेव्हा तिच्या खाटेशी बसून म्हटलं होतं, ताई, चूक माझी, मी तिथं दिवा द्यायला हवा होता. तिनंच मला समजावलं. म्हणाली, “त्यांचं काम मोठं आहे. एखाद्याला लागायचंच. मला लागलं.” माणूस दुखणं कशाच्या आधारानं सोसतो? तिचा आधार हा होता.

तरी मी अर्ज केला. एक दिवा, टोपीसकट, फक्त त्या वळणावर. अर्जाला बहिणीच्या ऑपरेशनचा कागद जोडला, याची मला आजही लाज वाटते. उत्तर आलं. ते मी आज बरोबर आणलं आहे. वाचतो. ‘सदर वळण घुमटाच्या थेट दृष्टिरेषेत येत असल्याने तेथे दिवा बसवल्यास सध्या सुरू असलेल्या निरीक्षणांत गंभीर व्यत्यय येईल. सबब परवानगी नाकारण्यात येत आहे.’ खाली संचालक साहेबांची सही. पुन्हा एकदा वाचू का? ‘सध्या सुरू असलेल्या.’

मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि गप्प बसलो. मला ते दोन फोटो आठवत होते.

पुढच्या वर्षी घुमट फिरवणाऱ्या मोटरची वायरिंग जळली. वेधशाळेचा इलेक्ट्रिशियन रजेवर होता, म्हणून नगरपालिकेकडे माणूस मागितला. मी गेलो. दुपारची वेळ होती. केबलचा माग काढत मी दुर्बिणीच्या खाली शिरलो आणि सहज वर पाहिलं. आरशाच्या जागी प्लायवूडची गोल फळी होती, चारी बाजूंनी स्क्रू मारलेली. मी टिचकी मारली. लाकडाचा आवाज आला.

शेजारी वेधशाळेचा जुना तंत्रज्ञ उभा होता, कानटोपी साहेबांच्या वेळचा. मी विचारलं, “आरसा?”

तो म्हणाला, “खोक्यात आहे.”

“धुवायला काढलाय?”

“धुवायलाच काढला होता. साखळीचा आकडा सुटला. काठापासून आतपर्यंत तडा गेलाय. तीन वर्षं झाली.”

मी म्हटलं, मग मोटर कशाला दुरुस्त करतोय आपण? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “मुख्यालयातून तपासणीला येतायत. घुमट फिरताना दिसला पाहिजे.” आणि संध्याकाळी रोज उघडता तो? “खालून दिसतो ना.”

तीन वर्षं. माझी बहीण पडली त्याला वर्ष झालं होतं. हिशेब करायला मला कागद लागला नाही. ती पडली तेव्हा आरसा खोक्यात जाऊन दोन वर्षं झाली होती. माझा अर्ज नाकारला तेव्हा वर बघणारं काही नव्हतंच. आपण चारशेवर टोप्यांखाली बसून एका प्लायवूडच्या फळीसाठी अंधार पाळत होतो.

मी तसाच ऑफिसात गेलो. संचालक साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, हे मी नाकारत नाही. ते खोटंही बोलले नाहीत. म्हणाले, “तुम्ही पाहिलंत ते खरं आहे. पण बाहेर कळलं तर वेधशाळा बंद होईल. मी नव्या आरशासाठी प्रयत्न करतोय.”

मी विचारलं, “वळणावर एक दिवा लागला असता तर बंद झाली असती?”

ते उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, “एक दिला की दुसरा मागतात. मग कुणीतरी विचारतं, आता अंधार हवाय कशाला?”

मंडळी, ते जे म्हणाले ते मी आठ वर्षं डोक्यात घोळवतोय. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. अर्जाला जोडलेला कागद त्यांनी वाचला होता, खुबा कुणाचा मोडला ते त्यांना ठाऊक होतं, आणि गावाचा तो एक प्रश्न टाळण्यासाठी त्यांनी त्या वळणावर अंधार ठेवला. राग येऊ नये तर काय यावं?

मी खाली आलो, गोदामातून एक दिवा काढला, आणि अंधार पडायच्या आत त्या वळणावर लावला. टोपी न घालता. परवानगीशिवाय दिवा लावला म्हणून मला चार महिने निलंबित केलं. मेमोवर सही करणारे साहेब इथं पहिल्या रांगेत आहेत. साहेब, मी तुम्हालाही सांगितलं होतं की वर आरसा नाही. बंद दाराआड सभा झाली. सगळ्यांनी ऐकलं. ठरलं काय, तर वेधशाळा म्हणजे गावाची शान, गावाची शोभा होऊ नये, विषय मिटला असं समजावं. वळणावरचा दिवा ‘तात्पुरता’ म्हणून राहू दिला. आठ वर्षं तो तात्पुरता आहे.

आणि मीही गप्प बसलो. मला कामावर परत घेतलं आणि मी तोंड मिटलं. पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालो, तेव्हा तरी बोलायचं, तेव्हाही बोललो नाही. माझा राग एकट्या संचालक साहेबांवर आहे असं कुणी समजू नये. त्यातला माझा वाटा मी घरी आरशात बघून रोज घेतो.

पण त्या दिवशी, दिवा लावल्यावर, मी घरी जाऊन ताईला सगळं सांगितलं. मला वाटलं तिला संताप येईल. मला तो हवा होता, खरं तर. ती भाजी निवडत होती. तिनं विचारलं, “कधीपासून?” मी म्हटलं, तू पडायच्या आधी दोन वर्षं.

तिनं भाजीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “मला वाटत होतं, निदान कशासाठी तरी पडले.” आणि थोड्या वेळानं, “हे तू मला सांगायला नको होतंस.”

त्यानंतर तिनं कधी रात्री अंगणात खुर्ची टाकायला सांगितलं नाही. आधी रोज सांगायची.

दोन वर्षांनी मुख्यालयाला कळलं. पाहुण्यांनी मान हलवू नये, मला तारीखवार माहीत आहे. नवा आरसा आला नाही. दुर्बीण कालबाह्य झाली, अशी नोंद झाली. आणि आम्हाला? आम्हाला कुणी कळवलंसुद्धा नाही की आता टोप्या काढा. ते पत्र गेल्या महिन्यात आलं, वेधशाळा बंद करायचा निर्णय झाल्यावर. टोप्या काढायला नवा वायरमन चढला तेव्हा मी खाली उभा होतो. चांगला माणूस आहे. प्रत्येक टोपी फेकायच्या आधी माझ्याकडे बघत होता.

एवढं होऊनही कदाचित मी आज घरीच बसलो असतो. पण चार दिवसांपूर्वी ही स्मरणिका घरी आली. गुळगुळीत कागद, छान छपाई. पान नऊवर छापलंय, ‘चाळीस वर्षांची अखंड निरीक्षणं.’ ताईनं ते वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मला म्हणाली, “अखंड?” मी म्हटलं, जाऊ दे ना ताई, निरोपाचं पुस्तक आहे, त्यात असंच लिहितात. तर ती माझ्यावर ओरडली. माझी बहीण मला आयुष्यात तीन-चार वेळा ओरडली असेल. म्हणाली, “असंच लिहितात म्हणजे? मी असंच पडले का?”

आज निघताना तिला म्हटलं, चल, गाडीची सोय करतो. म्हणाली, “नको. तिथं टाळ्या वाजवाव्या लागतील. तू जा, आणि त्यांना एवढंच विचार, आरसा कुठल्या तारखेला काढला.”

संयोजकांनी माझ्यावर आणखी एक काम सोपवलं होतं. गावाच्या वतीनं संचालक साहेबांना पितळी दुर्बिणीची ही छोटी प्रतिकृती द्यायची. ती टेबलावर आहे. सुंदर केलीय. मी ती देणार नाही. ज्यांना द्यावीशी वाटते त्यांनी जरूर द्यावी, माझी अडवणूक नाही.

साहेब, तुमच्या शिक्षेची मागणी करायला मी आलेलो नाही. त्यासाठी उशीर झालाय आणि त्या उशिरात आम्हीही आहोत. बहिणीचा खुबा तुम्ही मोडलात असंही मी म्हणत नाही. चर नगरपालिकेचा होता, टोप्या माझ्या होत्या. पण अंधार तुम्ही मागून घेतलात, आणि त्याची गरज संपल्याचं लपवलंत. तेव्हा एक तारीख सांगा. दिवस, महिना, वर्ष. या माणसांनी तीन दिवस पोती टाकत तो आरसा वर पोचवला होता. तो खाली कधी उतरला हे ऐकायचा त्यांना हक्क आहे, आणि ते तुमच्या तोंडून ऐकायचा आहे. मग पान नऊवर ती तारीख मी पेनानं लिहीन आणि पुस्तक घरी नेऊन ताईला देईन.

अध्यक्षाबाईंनी मला सातऐवजी बहुतेक वीस मिनिटं बोलू दिलं, घंटीवर हात ठेवूनही ती वाजवली नाही, याबद्दल मी त्यांचा मनापासून ऋणी आहे. संयोजकांचे आभार, आणि त्या क्लार्कचेही, ज्याला आज माझ्यामुळं बोलणी बसणार आहेत. त्याला काही बोलू नका, मी त्याला खरं सांगितलं होतं. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत. माझ्या बोलण्यात उच्चार चुकला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, आवाज नको तितका चढला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. जे खरं बोललो त्याची मात्र माफी मागत नाही.

संचालक साहेब, माइक मी बंद करत नाही. चालू ठेवून इथंच उभा राहतो.